थ्री नॉट थ्रीचे मूळ रूप

ज्या रायफलीला आपल्याकडील शिपाई, होमगार्ड आणि एन.सी.सी.चे छात्र या सर्वांनी कित्येक दशके ‘थ्री नॉट थ्री’ या एकाच नावाने ओळखले, ती ली-एनफील्ड आता सेवेतून बहुतांशी निवृत्त होऊन पलटणींच्या शस्त्रागारांत, वस्तुसंग्रहालयांच्या कपाटांत आणि परदेशी स्थायिक झालेल्या काही संग्राहकांच्या घरी विसावली आहे. आणि जेथे जेथे ती आहे तेथे तेथे, तिच्या दस्त्यावर साचलेला काळपट मळ आणि नळीवरचा तांबूस गंज पाहून, तिला पुन्हा मूळ रूपात आणावे असा सद्हेतू कोणाच्या ना कोणाच्या मनात उत्पन्न होतोच. हेतू स्तुत्य आहे. परंतु याच हेतूने हाती घेतलेल्या सॅंडपेपरने आणि व्हार्निशच्या डब्याने जितक्या जुन्या रायफली कायमच्या विद्रूप झाल्या, तितक्या गंजाने आणि वाळवीने झाल्या नसतील, अशी माझी खात्री आहे. म्हणून या विद्येत रुची असणाऱ्या वाचकांसाठी, काय करावे याच्या बरोबरीनेच काय करू नये हेही थोड्या विस्ताराने सांगण्याचे योजिले आहे.

कामास हात घालण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर ठरवावे लागते, आणि ते ज्याने ठरविले नाही त्याचे पुढचे सर्व श्रम वाया जातात: ही रायफल कोणत्या दिवसाच्या रूपात परत न्यावयाची आहे? स्कॉटलंडात जन्मलेल्या आणि अमेरिकेत नावारूपास आलेल्या जेम्स पॅरिस ली याने योजिलेली बोल्टची व मॅगझीनची रचना, आणि लंडनच्या उत्तरेस एनफील्ड येथील सरकारी कारखान्याने तिच्याशी जुळविलेली पाच आट्यांची नळी, यांच्या संयोगातून १८९५ साली ही रायफल सिद्ध झाली. तिच्या आखूड आवृत्तीचे ‘मार्क तीन’ हे रूप १९०७ मध्ये मंजूर झाले, आणि पहिल्या महायुद्धाच्या निकडीत, हजारोंच्या संख्येने रायफली लवकर हव्या होत्या म्हणून, १९१६ मध्ये त्यातील काही अवयव गाळून ‘मार्क तीन तारा’ हे सोपे रूप स्वीकारण्यात आले. दूरच्या जमावावर एकत्रित मारा करण्यासाठी डाव्या बाजूस बसविलेले लांब पल्ल्याचे नेमयंत्र, मॅगझीन राखून ठेवून एकेक काडतूस भरता यावे म्हणून असलेली आडवी पट्टी, आणि वाऱ्याचा हिशेब धरून मागचा नेम बाजूस सरकविण्याची सोय, ही सर्व त्या वेळी गेली. तेव्हा १९१७ च्या रायफलीस ही पट्टी आणि ते नेमयंत्र हौसेने मिळवून बसविणारा गृहस्थ तिला मूळ रूप देत नसून तिच्या अंगी कधीही नसलेले दागिने घालीत असतो. मात्र जुन्या भागांचा साठा संपेपर्यंत कारखान्यांत दोन्ही रूपांची सरमिसळ चालू होती, हेही ध्यानात ठेवावे, आणि केवळ पुस्तकातील व्याख्येस जुळत नाही म्हणून एखादा भाग काढून टाकू नये.

आता अशी एक रायफल डोळ्यांसमोर आणावी, जी १९१७ मध्ये एनफील्डला घडली, हिंदी सैन्याबरोबर इराकात गेली, दोन युद्धांच्या मधल्या काळात वायव्य सरहद्दीवर वावरली, आणि पुढे कलकत्त्याजवळ हुगळीच्या काठी असलेल्या इशापूरच्या रायफल कारखान्यात संपूर्ण दुरुस्तीसाठी दाखल झाली. तेथे तिला पुढचे नवे लाकूड मिळाले, ते फुटू नये म्हणून मॅगझीनच्या पुढे आरपार घातलेला आडवा स्क्रू मिळाला, आणि पोलादावर काळ्या रंगाचा थर मिळाला. हिला १९१७ च्या रूपात न्यावयाचे म्हणजे इशापूरच्या कारागिरांचे काम पुसून टाकावयाचे. आणि ते काम या रायफलीच्या चरित्राचा एनफील्डच्या कामाइतकाच अस्सल भाग आहे. यास्तव मी स्वतः एकच कसोटी मानतो, आणि या लेखातील बहुतेक सूचना तिच्यातूनच निघाल्या आहेत: सैन्याने केलेला फेरफार राखावा, आणि सैन्यातून बाहेर पडल्यानंतर झालेला फेरफार शक्य तितका दूर करावा. इशापूरचा काळा रंग राहू द्यावा. त्यावर कोणी घरगुती एनॅमल चढविला असेल तर तो उतरवावा. आर्मररने, म्हणजे पलटणीच्या शस्त्रदुरुस्ती करणाऱ्या कारागिराने, दस्त्यात बसविलेला लाकडाचा तुकडा राहू द्यावा. त्यावरचे चकचकीत व्हार्निश काढावे.

येथे कायद्याचा विचार आधीच आटोपून घेणे इष्ट आहे, कारण तो या कामाचा पाया आहे. हिंदुस्थानात ३०३ बोअरची रायफल सामान्य नागरिकास सहसा मिळत नाही. त्याच बोल्टच्या रचनेची परंतु ३१५ बोअरची शिकारी रायफल इशापूरलाच तयार होते आणि शेतकऱ्यांच्या वा माजी सैनिकांच्या घरी परवान्यावर आढळते ती बहुधा हीच. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या पाचव्या कलमान्वये शस्त्राची दुरुस्तीही परवानाधारकानेच करावयाची असते, आणि आठव्या कलमान्वये शस्त्रावरील नाव, क्रमांक वा ओळखचिन्ह खोडणे, काढणे किंवा बदलणे हा गुन्हा आहे. म्हणून परवाना असलेल्या मालकाने नित्याची तेलपाण्याची निगा स्वतः राखावी, आणि त्यापलीकडचे जे काही असेल ते परवानाधारक शस्त्रविक्रेत्याच्या किंवा कारागिराच्या हवाली करून त्याची पावती घ्यावी. संग्रहालयाच्या अधिकाऱ्याने आपल्या शस्त्रांची नोंद पोलीस दप्तरी यथास्थित आहे की नाही याची प्रथम खातरजमा करावी. इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया येथील मराठी वाचकांना तेथील कायदे निराळे असल्याने बराच अधिक वाव आहे, आणि पुढील मजकुरापैकी सुट्या भागांविषयीचा भाग मुख्यतः त्यांच्यासाठीच आहे.

रायफल हाती आली की प्रथम मॅगझीन काढावे, बोल्ट मागे ओढून नळीचे मागचे तोंड डोळ्यांनी पाहावे आणि करंगळीने चाचपावे. ती वर्षानुवर्षे भिंतीवर टांगलेली होती ही सबब येथे मुळीच मान्य करू नये. नंतर लगेच स्क्रू काढावयास बसू नये. आधी तिचा पंचनामा करावा. चांगल्या उजेडात सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत, आणि जेथे जेथे ठसा, अक्षर, अंक वा खूण आहे ती जशीच्या तशी वहीत उतरवून घ्यावी. दस्ता जेथे रिसीव्हरला, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या घराला, मिळतो त्या पोलादी कड्याच्या उजव्या अंगास राजमुकुट, राजाची आद्याक्षरे, कारखान्याचे नाव, सन आणि मार्क कोरलेला असतो. ‘एनफील्ड’, बर्मिंगहॅमच्या कंपनीची ‘बी.एस.ए.’ ही अक्षरे, ऑस्ट्रेलियातील ‘लिथगो’, किंवा आपले ‘इशापूर’ यांपैकी काय आहे ते तेथेच कळते. अनुक्रमांक रिसीव्हरवर, नळीवर आणि बोल्टच्या मुठीच्या मुळाशी असतो, आणि पुष्कळदा मागच्या नेमाच्या पट्टीखाली, नळीच्या तोंडाशी असलेल्या नोजकॅपवर आणि पुढच्या लाकडाच्या तळाशीही असतो. हे सर्व अंक एक असतील तर ती रायफल फारशी विस्कटलेली नाही असे समजावे; एक नसतील तरी खट्टू होऊ नये, कारण युद्धकाळात दहा रायफलींच्या अवयवांतून सात चांगल्या रायफली उभ्या करणे हे आर्मररचे रोजचेच कर्तव्य होते.

या खुणांमध्ये काही अशा आहेत की ज्यांचे अज्ञान प्राणावर बेतू शकते. ‘डी.पी.’ ही अक्षरे ज्या रायफलीवर आहेत ती केवळ कवायतीसाठी निराळी काढलेली रायफल होय. आपल्या छात्रसैनिकांच्या कित्येक पिढ्यांनी खांद्यावर वागविलेली हीच. तिची नळी वा बोल्ट निकामी केलेला असू शकतो, आणि तिचे बाह्य रूप कितीही सुंदर राखले तरी तिच्यातून गोळी झाडण्याचा विचारही मनात आणू नये. त्याचप्रमाणे इशापूरने १९६० च्या दशकात ७.६२ मिलिमीटरच्या काडतुसासाठी तयार केलेली ‘२ए१’ ही रायफल दिसण्यात जुन्या मार्क तीनशी इतकी मिळतीजुळती आहे की अनभिज्ञ मनुष्य सहज फसतो. तिचे बारा काडतुसांचे चौकोनी मॅगझीन ही तिची ओळख, आणि एकीची काडतुसे दुसरीत कदापि घालावयाची नाहीत. उलट काही खुणा निव्वळ इतिहासाच्या आहेत. टोकाशी टोक भिडविलेले दोन बाण दिसले तर सरकारने ती रायफल सेवेतून काढून विकली असे समजावे.

दस्त्याच्या उजव्या अंगास बसविलेली पितळेची वाटोळी चकती हा तर या रायफलीचा सर्वांत बोलका अवयव आहे. युद्धकाळात काटकसरीपायी ती बसविणेच बंद झाले, त्यामुळे ती पुष्कळ रायफलींवर नसते; परंतु जेथे ती आहे आणि कोरी नाही, तेथे पलटणीची संक्षिप्त अक्षरे व त्या रायफलीचा पलटणीतील क्रमांक तिच्यावर ठोकलेला आढळतो. १९१५-१६ च्या हिवाळ्यात पुणे डिव्हिजनबरोबर इराकातील कुतच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी अडकल्या होत्या, आणि कोकणातल्या नि घाटावरच्या कित्येक घरांत त्या वेढ्याच्या कथा अद्याप सांगितल्या जातात. अशा पलटणीचे नाव धारण करणारी एक चकती हाती लागली, तर त्या रायफलीवरील इतर सर्व गोष्टींपेक्षा तिचे मोल अधिक आहे. आणि तरीही पितळ दिसले की ते लखलखीत करावे ही आपली उपजत खोड आड येते. पॉलिशच्या दर घासण्याबरोबर ठोकलेली अक्षरे थोडी थोडी उथळ होत जातात. ती चकती मऊ फडक्याने पुसावी आणि तेथेच थांबावे. दस्त्याच्या बुडाशी असलेल्या पितळी पत्र्यालाही हाच नियम लागू आहे.

आता भाग सुटे करण्याचा क्रम. याविषयी एक गोष्ट इतकी महत्त्वाची आहे की बाकीचे सर्व विसरले तरी ती विसरू नये: पुढचे लाकूड काढल्याखेरीज मागच्या दस्त्याचा लांब बोल्ट कधीही सैल करू नये. त्या बोल्टचे पुढचे टोक चौकोनी असून ते पुढच्या लाकडाच्या मागील तोंडाशी बसविलेल्या छोट्या पत्र्याच्या खाचेत अडकलेले असते. दस्ता आधी काढू पाहणाऱ्याने पाना फिरविला की ते टोक खाचेत फिरते आणि शंभर वर्षांचे अक्रोडाचे लाकूड एका क्षणात चिरते. म्हणून पट्ट्याच्या कड्या, नोजकॅप, नळीवरची लाकडी झाकणे, मॅगझीन, चापाभोवतीची कमान आणि मग पुढचे लाकूड, या क्रमाने यावे, आणि दस्ता सर्वांत शेवटी. पुढचे लाकूड उतरविताना ते तोंडाकडून उपटून काढू नये. मागच्या बाजूने, दोन्ही हातांनी, सरळ खाली ओढावे, कारण रिसीव्हरला ते तेथेच घट्ट बिलगलेले असते. नोजकॅपच्या जवळ लाकडात एक लहान खुंटी आणि तिच्याखाली स्प्रिंग दडलेली आहे. नळीला खालून किंचित उचलून धरणे हे तिचे काम असून, ती उडून कोपऱ्यात गेली तर शोधणे दुर्घट, म्हणून खाली पांढरे कापड अंथरूनच बसावे. स्क्रू-ड्रायव्हर प्रत्येक खाचेत ठाकठीक बसणारा असावा. बाजारातील निमुळत्या पात्याचा स्क्रू-ड्रायव्हर खाचेची कड उडवितो, आणि कड उडालेला स्क्रू ही अडाणी हाताची सही होय, जी कितीही पॉलिश केले तरी जात नाही. जाम झालेल्या स्क्रूला तेल लावून एक रात्र सोडावे, दुसऱ्या दिवशी पुन्हा लावावे. घाईने जे तुटते ते मिळविण्यास महिने लागतात.

लाकडाकडे वळताना प्रथम सॅंडपेपर घराबाहेर ठेवावा, असे मी आग्रहाने सांगेन. लाकडावर निरीक्षकांचे ठसे असतात, दुरुस्तीच्या तारखा असतात, दस्ता आखूड, लांब की अगदी बुटक्या शिपायासाठी हे दर्शविणारे अक्षर असते. शिवाय लाकूड पोलादाच्या पातळीहून किंचित वर राहील असे कारखान्याने मुद्दाम ठेवलेले असते. सॅंडपेपर हे सर्व एकाच दुपारी नाहीसे करतो. जुन्या दस्तऐवजावरील फिकट शाई खरवडून नव्या शाईने तोच मजकूर गिरविणारा कारकून आणि असा दुरुस्तीकार यांच्यात मला काही अंतर दिसत नाही. मळ काढण्यासाठी मिनरल टर्पेंटाइनमध्ये भिजविलेले जाडसर फडके पुरेसे आहे. ते काळे होईल, बदलावे, पुन्हा पुसावे, आणि धीर धरावा. लाकडात खोल मुरलेले यंत्रतेल ओढून काढावयाचे असेल तर व्हाइटिंगची, म्हणजे खडूची, पांढरी भुकटी स्पिरिटमध्ये कालवून तिचा लेप द्यावा, तो वाळला की झाडून टाकावा, आणि तेल उमटत राहील तोवर हीच क्रिया करावी. कॉस्टिक सोडा मात्र वर्ज्य मानावा. तो मळाबरोबर लाकडाचा जीवही काढतो, आणि अक्रोडाचा तांबूस तपकिरी वर्ण करडा पडून जातो.

लाकडातील प्रत्येक खड्डा भरून काढावा असे मी म्हणत नाही. शिपायाने टाकलेले ओरखडे हे त्या रायफलीचे स्वतःचे आहेत. परंतु अलीकडे कोठे आपटून झालेली खोक मन खात असेल, तर ओले फडके तिच्यावर ठेवून गरम इस्त्रीचे टोक क्षणभर टेकवावे. वाफेने दबलेले तंतू फुगून वर येतात. तंतू तुटले असतील तर हा उपाय चालत नाही. पुढच्या लाकडाच्या मागील भागात, रिसीव्हरचा मागे येणारा रेटा जेथे पेलला जातो तेथे, ते सुकून झिजलेले किंवा उभे चिरलेले आढळणे ही या रायफलीची नेहमीची व्याधी आहे. त्या झिजलेल्या जागी कठीण लाकडाचे पातळ तुकडे अचूक मापाने बसविण्याचे काम कसबी माणसाचेच आहे, आणि ते झाल्याखेरीज ती रायफल चालविणे योग्य नव्हे.

स्वच्छ झालेल्या लाकडाला जवसाचे कच्चे तेल द्यावे. ब्रिटिश सेवेत हेच दिले जात असे, आणि आजही दुसरे काही देण्याचे कारण मला दिसत नाही. तेल किंचित कोमट करून, अगदी पातळ हाताने, तळव्याने चोळून द्यावे. अर्ध्या तासाने वर उरलेले सर्व पुसून घ्यावे. आणि पहिला थर पुरता सुकल्याखेरीज दुसरा देऊ नये. कच्चे तेल सुकण्यास अनेक दिवस घेते, पावसाळ्यात तर त्याहून अधिक, आणि त्या विलंबाला कंटाळून लोक जाड थर देतात, तो चिकट होऊन धूळ धरतो, आणि मग सर्व उतरवून पुन्हा आरंभ करावा लागतो. लाकडाच्या आतील, न दिसणाऱ्या बाजूंसही तेल मिळाले पाहिजे, कारण ओल तेथूनच शिरते. पॉलियुरेथेन किंवा फ्रेंच पॉलिश यांचा आरशासारखा चकाकणारा थर सैनिकी रायफलीवर कधी नव्हता आणि तो तिला शोभतही नाही. येथे आणखी एक गंभीर इशारा आहे. जवसाचे तेल हवेतील प्राणवायूशी संयोग पावून सुकते आणि त्या क्रियेत उष्णता निर्माण होते. तेलाने भिजलेली फडकी चुरगळून एका कोपऱ्यात टाकली, तर ती आपोआप पेट घेऊ शकतात. काम आटोपताच ती पाण्यात बुडवून ठेवावीत किंवा उघड्यावर एकेरी पसरून वाळवावीत. लाकडाचे काम करणाऱ्या कारखान्यांत अशा आगी खरोखरच लागल्या आहेत.

पोलादाच्या बाबतीत गंज आणि जुनेपणाची कांती यांतील भेद ओळखावयास शिकले पाहिजे. तांबडा, बोटाला लागणारा गंज जिवंत असतो आणि पोलाद खात असतो. काळपट तपकिरी, घट्ट बसलेला थर बहुधा शांत झालेला असतो आणि तो पुढच्या गंजाला काही अंशी रोखतोही. जिवंत गंजावर पातळ तेल सोडून, काही तासांनी तांब्याच्या पट्टीने किंवा अगदी बारीक, चार शून्य नंबरच्या पोलादी लोकरीने हलकेच घासावे. तांबे पोलादाहून मऊ असल्याने ते गंज उचलते आणि खालच्या थराला धक्का लावीत नाही. आम्लाचे गंजनाशक द्राव, तारेचे फिरते ब्रश, किंवा वाळूचा मारा, यांनी मूळ थर उडून जातो आणि ठशांच्या कडा बोथट होतात. युद्धकाळातील रायफलींवर कापण्याच्या यंत्राच्या रेषा स्पष्ट दिसतात, त्या गुळगुळीत करण्याचा मोहही आवरावा. घाईत घडलेल्या शस्त्रावर घाईची खूण असणे योग्यच आहे.

जेथे मूळ थर पूर्णपणे गेला आहे आणि पोलाद उघडे पडले आहे, तेथेच नवा थर देण्याचा प्रश्न येतो. बाजारात बाटलीतून मिळणारे थंड ब्ल्यूइंग एखाद्या ओरखड्यापुरते ठीक. सबंध नळीवर ते ठिगळासारखे दिसते आणि हाताळता हाताळता उतरते. जुन्या कारागिरांची रीत मंद होती. पोलाद संपूर्ण निस्तेल करावयाचे, त्यावर गंज आणणारा सौम्य द्राव पुसावयाचा, दमट कपाटात टांगून त्यावर तांबडा गंज एकसारखा येऊ द्यावयाचा, मग स्वच्छ पाण्यात उकळावयाचे, म्हणजे तो तांबडा गंज काळ्या ऑक्साइडमध्ये पालटतो, आणि वरची सुटी काळी भुकटी मऊ तारेच्या ब्रशने झाडून टाकावयाची. ही फेरी अनेक वेळा झाली की काळा, खोल, रेशमी थर तयार होतो. उकळण्यासाठी ऊर्ध्वपातित किंवा पावसाचे पाणी घ्यावे, कारण विहिरीच्या जड पाण्याचे पांढरे डाग पडतात. आपल्याकडील शिकलगारांची परंपरा तलवारी नि बर्च्यांना जिल्हई देण्याची. त्यांच्या हाताला ही सहनशीलता परिचित होती. एवढे करूनही माझे मत असे की, अर्ध्याहून अधिक मूळ थर शिल्लक असेल तर नवा देऊच नये. झिजलेला पण खरा थर हा नव्या सुंदर थरापेक्षा श्रेष्ठ.

सुट्या भागांचा विषय मुख्यतः त्या रायफलींपुरता आहे, ज्या दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंड, कॅनडा, अमेरिका, ऑस्ट्रेलिया येथे स्वस्तात विकल्या गेल्या आणि शिकारीसाठी छाटल्या गेल्या. त्यांचे पुढचे लाकूड अर्ध्यावर कापलेले असते, वरची झाकणे टाकून दिलेली असतात, नोजकॅप गेलेली असते. अशी रायफल पुनर्घटनेसाठी घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. नळीची मूळ लांबी २५.२ इंच आहे. ती कापलेली असेल तर तो व्यवहार सोडून द्यावा. रिसीव्हरवर दुर्बीण बसविण्यासाठी भोके पाडली असतील तर तेही नुकसान भरून न येणारे. आणि काडतुसांची पट्टी वरून भरण्यासाठी रिसीव्हरवर जो पूल आहे, तो कित्येकदा दिसावयास बरे म्हणून घासून काढलेला असतो. त्याशिवाय ती रायफल कधीही पूर्ण होणार नाही. या तीन गोष्टी शाबूत असतील तर बाकीचे मिळविता येते: पुढचे लाकूड, दोन्ही झाकणे, नोजकॅप, आतले व बाहेरचे कडे, पट्ट्याच्या कड्या, मागच्या नेमाला दोन्ही बाजूंनी जपणारे कान, आणि ती खुंटी व स्प्रिंग. लाकूड शक्यतो त्याच कारखान्याचे व त्याच काळाचे पाहावे. लिथगोची लाकडे बहुधा ऑस्ट्रेलियन वृक्षांची असल्याने एनफील्डच्या अक्रोडाशेजारी रंगाने वेगळी पडतात. लहान भागांवर त्या त्या कारखान्याची बारीक अक्षरे असतात. ती जुळली तर आनंद, न जुळली तर आर्मररच्या पेटीची आठवण ठेवावी. परंतु एखादी अखंड, अस्सल रायफल केवळ भागांसाठी मोडू नये, आणि मिळालेल्या भागावरचा जुना क्रमांक घासून आपल्या रायफलीचा क्रमांक ठोकू नये. पहिली गोष्ट नाश आहे आणि दुसरी खोटा दस्तऐवज आहे.

बोल्ट दुसऱ्या रायफलीचा असेल, किंवा बोल्टचे पुढचे डोके बदललेले असेल, तर काडतुसाच्या मागे किती अंतर उरते हे मोजण्याची मापे कुशल गनस्मिथकडे असतात, आणि ते मोजल्याखेरीज रायफल चालविणे म्हणजे आपला डोळा पणाला लावणे होय. जुन्या लष्करी काडतुसांच्या टोपीत क्षार सोडणारी रसायने असत. त्यामुळे नळीच्या आतील आट्यांना गंज धरतो, आणि पूर्वी गोळीबारानंतर नळीतून उकळते पाणी ओतण्याची जी रीत होती ती याच कारणाने. क्षार पाण्यात विरघळतात, तेलात नाही. दस्त्याच्या बुडाशी असलेल्या झडपेत तेलाची पितळी बाटली आणि पुलथ्रू, म्हणजे नळी साफ करण्याची दोरी, ठेवण्याची जागा आहे. दोन्ही मिळाल्यास तेथे अवश्य ठेवावीत, पण पुलथ्रूची दोरी जुनी असेल तर नळीत घालू नये, कारण मध्येच तुटलेली दोरी आणि चिंधी काढण्यास फार यातायात पडते.

सर्व जोडून झाल्यावर पोलादावर तेलाचा अगदी पातळ थर ठेवावा, आणि रायफल शक्यतो नळीचे तोंड खाली करून उभी ठेवावी, म्हणजे जादा तेल उतरून दस्त्याच्या लाकडात मुरत नाही. लोकरीच्या किंवा कातड्याच्या खोळीत ती कायमची बंद करू नये; अशी खोळ ओल धरते. कोकणात आणि मुंबईत मृगापासून हस्तापर्यंत दर पंधरवड्यास एकदा कपाट उघडून नळी आणि बोल्ट तपासावा, सिलिका जेलच्या पुड्या तव्यावर सुकवून पुन्हा ठेवाव्यात, आणि नळीच्या तोंडात कापडाचा बोळा कोंबण्याची जुनी सवय सोडावी. आरंभी केलेला पंचनामा, काढलेली छायाचित्रे, कोणता भाग कोठून आणला व कोणता थर कोणत्या तारखेस दिला याची टिपणे, आणि काढून ठेवलेला प्रत्येक जुना स्क्रू, हे सर्व एका पाकिटात घालून परवान्याच्या कागदांजवळ ठेवावे. पुढे ज्याच्या ताब्यात ती रायफल जाईल त्याला इशापूरचे काम कोणते आणि आपले काम कोणते, हे त्यावरून निराळे काढता येईल.